इंजेक्शनची बाटली आणि गिधाडं

लोभी माणसांना आपण म्हणतो, ‘गिधाडासारखे तुटून पडले.’ पण माझी आई सांगते, गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की गिधाडांचा थवा तासाभरात हाडं उघडी करायचा. ना घाण, ना खर्च. आमच्या गटातल्या तरुण सुनांनी मात्र गिधाड कधी पाहिलेलंच नाही.

१९९० नंतर राजस्थानात भरतपूरला गिधाडं माना टाकून बसलेली, मग मेलेली दिसू लागली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी ते नोंदवलं. कुणाला ती साथ वाटली, कुणाला विषबाधा. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरली. मादी वर्षाला एकच अंडं घालते, मग तूट भरायची कशी?

कारण कळलं २००४ साली, पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून. कारण होतं डायक्लोफिनॅक! जनावराला सूज, ताप, लंगडणं असलं की टोचतात ते. स्वस्त आणि लगेच गुण देणारं, म्हणून आपणच मागून घ्यायचो. टोचल्यावर दोनेक दिवसांत जनावर दगावलं तर औषध मांसात राहतं. ते खाऊन गिधाडाचं मूत्रपिंड बंद पडतं. एका ढोरावर अख्खा थवा बसतो, त्यामुळे शंभर ढोरांत एकात औषध असलं तरी घात व्हायला पुरे. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं, गाय वाचवायची होती एवढंच. गिधाडं गेली तशी मेलेल्या ढोरांवर भटकी कुत्री वाढली, आणि पिसाळलेलं कुत्रं चावण्याची भीतीही.

२००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात यायच्या. म्हणून २०१५ मध्ये ती बाटली ३ मिलीपुरतीच ठेवली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकही जनावरांसाठी बंद झालं. मेलॉक्सिकॅम मात्र गिधाडांना बाधत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या एका ताईंची कर्जावर घेतलेली म्हैस तापली. हप्ता डोक्यावर, ताई रडवेल्या. कुणीतरी मेडिकलमधून माणसांचं इंजेक्शन आणलं होतं. ताईंनी ते बाजूला ठेवून डॉक्टरांना बोलावलं आणि विचारलं, “मेलॉक्सिकॅम चालेल का?” डॉक्टरांनी म्हैस तपासून तेच दिलं. तिसऱ्या दिवशी म्हैस चारा खाऊ लागली.

“पण आता गिधाडं येतील का हो?” ताईंनी मला विचारलं. आमच्याकडे लगेच नाही येणार. पण रायगडात, म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला त्यांची घरटी आहेत. पुढच्या सहलीला तिकडेच जायचं गटानं ठरवलंय.