'बॉय' या इंग्रजी शब्दाची व्युत्पत्ती आणि अर्थपरंपरा

इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या परिचयाचे जे पहिले शब्द, त्यांत 'बॉय'ची गणना होते. मुलगा हा त्याचा मूळ अर्थ आणि नोकर हा त्यावरून पुढे निघालेला गौण अर्थ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. उपलब्ध लेखी पुरावा मात्र याच्या उलट साक्ष देतो.

प्राचीन इंग्रजीत हे सामान्यनाम आढळत नाही. 'बोइया' असे विशेषनाम तेवढे आढळते. मुलगा या अर्थी त्या काळी 'क्नाफा', 'क्निख्त' इत्यादी शब्द रूढ होते. 'बॉय' तेराव्या शतकातील लेखनात प्रथम दिसतो आणि त्याचा अर्थ चाकर, हलक्या दर्जाचा मनुष्य, प्रसंगी लबाड असा असतो. केवळ वयाचा बोध करून देणारा अर्थ त्यानंतर, चौदाव्या शतकाच्या सुमारास स्थिर होऊ लागतो. 'गर्ल' हा शब्दही त्या काळी मुलगा व मुलगी या दोहोंना लागू होता.

या शब्दांच्या स्थित्यंतरांची तुलना उद्बोधक आहे. 'क्निख्त' हा मुलगा व सेवक या अर्थांवरून चढत 'नाइट', म्हणजे सरदारी दर्जाचा योद्धा झाला. 'क्नाफा' उतरत जाऊन 'नेव्ह', म्हणजे लुच्चा ठरला. त्याचा जर्मन सजातीय 'क्नाबे' मात्र मुलगाच राहिला. रिकाम्या झालेल्या जागेवर 'बॉय' आला, तो खालच्या पायरीवरून.

व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. ई. जे. डॉबसन यांनी 1940 साली मांडलेल्या उपपत्तीनुसार हा शब्द, बेडी घालणे या अर्थाच्या जुन्या फ्रेंच धातूच्या भूतकालवाचक विशेषणापासून आला. त्या धातूच्या मुळाशी लॅटिन 'बोइया', म्हणजे गुन्हेगाराच्या वा गुलामाच्या गळ्यातील पट्टा किंवा बेडी, हा शब्द आहे. ही उपपत्ती अर्थाच्या दृष्टीने आकर्षक असली, तरी बेडीतील मनुष्यापासून चाकरापर्यंतचा दुवा अनुमानानेच भरून काढावा लागतो. दुसरा पक्ष पूर्व फ्रिजियन 'बोइ', डच 'बूफ' व जर्मन 'बूबे' या शब्दांशी त्याचे नाते जोडतो. अनातोली लिबरमन यांनी, भुताखेतांची भीती दाखविणारा एक शब्द व भावाला हाक मारण्याचा बालभाषेतील एक शब्द यांचा संगम सुचविला आहे. यांपैकी कोणताही पक्ष निर्णायक ठरलेला नाही.

वय व दर्जा यांची ही सरमिसळ इंग्रजीपुरती मर्यादित नाही. ग्रीक 'पैस' व लॅटिन 'पुएर' हे बालकाला आणि दासालाही लावीत. मराठीत 'पोऱ्या' म्हणजे मुलगा, तसाच दुकानातील हरकाम्या. 'गडी' हा सवंगडी असतो आणि घरकाम करणारा नोकरही. ज्याच्यावर दुसऱ्याची सत्ता चालते, त्याचे वय गौण ठरते. इतर भाषांत हा प्रवास बहुधा बालकाकडून चाकराकडे झाला. 'बॉय'चा लेखी इतिहास चाकराकडून बालकाकडे जातो.

तथापि नवा अर्थ रूढ झाल्याने जुना लोपला नाही. सतराव्या शतकाच्या आरंभीच्या शेक्सपियरकृत 'कोरिओलेनस' नाटकात ऑफिडियस हा रोमन सेनानीला 'बॉय' म्हणून हिणवतो आणि त्या एका शब्दाने तो वीर बेभान होतो. पुढे साम्राज्यविस्ताराबरोबर हा शब्द वसाहतींत गेला. दक्षिण हिंदुस्थानात व चीनमध्ये युरोपीय मालक आपल्या प्रौढ नोकरालाही याच शब्दाने हाक मारीत.

हिंदुस्थानात येथे आणखी एक गुंतागुंत उद्भवली. पालखी वाहणाऱ्याला इंग्रजी लेखनात 'बॉय' म्हटलेले आढळते. परंतु यूल व बर्नेल यांच्या 1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशाने हा निराळा शब्द असल्याचे दाखविले आहे. तो तेलुगू 'बोयी'शी संबद्ध असून मराठी 'भोई' त्याच्याच जोडीचा आहे. गोव्यातील 1554 च्या पोर्तुगीज नोंदीत छत्री धरणाऱ्या सेवकासाठी 'बॉय' हा शब्द येतो, तोही याच वर्गातील. दोन भिन्न शब्द ध्वनिसाम्याने एकवटले. दोहोंचा वाच्यार्थ सेवक असल्याने ती एकरूपता कोणाला खटकली नाही.

अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय प्रौढ पुरुषाला 'बॉय' म्हणणे हा त्याचे पुरुषत्व व नागरिकत्व नाकारण्याचा नित्याचा प्रकार होता. मेंफिस येथील सफाई कामगारांनी 1968 च्या संपात 'मी पुरुष आहे' अशा अर्थाचे फलक गळ्यात अडकविले, त्याला ही पार्श्वभूमी होती. पुढे 2006 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, वर्णवाचक विशेषण जोडलेले नसले तरीही हा शब्द वर्णद्वेषाचा पुरावा ठरू शकतो. संदर्भ, स्वर, स्थानिक रूढी व पूर्वापार वापर यांवरून त्याचा अर्थ ठरवावा.

शब्दार्थशास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय लक्षणीय आहे. प्रौढाला 'बॉय' म्हणण्यातील अपमान हा बालवाचक शब्दाचा केवळ लाक्षणिक दुरुपयोग नव्हे. मूल हा अर्थ चिकटण्यापूर्वीच या शब्दाने माणसाची पायरी दाखविण्यास आरंभ केला होता. बेडीची व्युत्पत्ती सिद्ध होवो वा न होवो, त्याच्या अर्थाच्या इतिहासात दास्याची खूण स्पष्ट आहे.