चिक चॉकलेट
७. चिक चॉकलेट (१९१६–१९६७) : मूळ नाव अँतोनियो शाव्हियेर वाझ, जन्म हळदोणे, ता. बार्देश, गोवा. ट्रंपेटवादक व मुंबईतील जॅझ-नृत्यसंगीताच्या वाद्यवृंदाचा प्रमुख. लिऑन ॲबी याचा कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा वृंद १९३५ साली ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला, तेव्हापासून मुंबईत जॅझ रुजला. पुढे ताजमध्ये चिकचा वृंदही गाजला. वादनावर अमेरिकी जॅझ ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँगची दाट छाप असल्याने त्याला ‘भारताचा आर्मस्ट्राँग’ म्हणत.

रात्री हॉटेलात वाजवणारे असे अनेक गोवेकर वादक दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जात. चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेले असल्याने संगीतकाराने गुणगुणलेल्या चालीवरून प्रत्येक वाद्याचा भाग कागदावर उतरवणे त्यांना जमे. चिकने हे काम संगीतकार सी. रामचंद्र (रामचंद्र चितळकर, १९१८–१९८२) यांच्यासाठी केले. अभिनेते-दिग्दर्शक भगवान यांच्या ‘अलबेला’ या चित्रपटात (१९५१) तो आपल्या वृंदासह पडद्यावरही दिसतो. ‘नादान’ (१९५१) या चित्रपटाला त्याने स्वतः संगीत दिले. — संपा.