उत्पादन नियंत्रण : वस्तुगुणधर्म व प्रक्रियागुणधर्म

कारखान्यात तयार होणाऱ्या वस्तूच्या गुणवत्तेचे नियंत्रण दोन प्रकारच्या राशींवर लक्ष ठेवून केले जाते. वस्तूच्या अंगी असणाऱ्या व ती तयार झाल्यावरही मोजता येणाऱ्या गुणांना वस्तुगुणधर्म म्हणतात. उदा., दंडाचा व्यास, पृष्ठभागाचा खडबडीतपणा, कठिनता, वजन. वस्तू घडविताना यंत्र, भट्टी, द्रव्य किंवा परिसर यांची जी स्थिती असते व जिचा वस्तुगुणधर्मावर कार्यकारणरूपाने परिणाम होतो, तिला प्रक्रियागुणधर्म म्हणतात. उदा., भट्टीचे तापमान, दाबयंत्राचा दाब, कर्तनाचा वेग, तेलाचे तापमान. वस्तुगुणधर्म वस्तूबरोबर राहतो. प्रक्रियागुणधर्म मात्र प्रक्रिया चालू असतानाच मोजता येतो. ती वेळ टळली की त्याचा प्रत्यक्ष पुरावा उरत नाही. हा भेद आज साधा वाटत असला, तरी तो उद्योगाच्या व्यवहारात रुळण्यास सु. दोनशे वर्षे लागली.

पूर्वपीठिका : कारागिरीच्या काळात हा भेद करण्याची गरज नव्हती. पोलादाला पाणी देणारा लोहार तापलेल्या धातूचा रंग डोळ्यांनी पारखी, तेच पाते पुढे स्वतःच घासून पाही. प्रक्रिया व वस्तू या दोहोंचा पारखी एकच होता. अदलाबदल करता येणाऱ्या सुट्या भागांची कल्पना पुढे आल्यावर ही स्थिती पालटली. फ्रान्समध्ये ऑनॉरे ब्लां यांनी बंदुकीच्या चापाचे भाग इतके सारखे बनविले की, कोणतेही भाग उचलून चाप जुळविता येई. १७८५ मध्ये टॉमस जेफर्सन यांनी हे स्वतः करून पाहिले व त्याचे वर्णन अमेरिकेस कळविले. अमेरिकेत हार्पर्स फेरी येथील शस्त्रनिर्माणीत जॉन हॉल यांनी १८२० नंतरच्या दशकात अनेक गेजांच्या साहाय्याने ही पद्धत व्यवहारात आणली. पुढे प्रत्येक मापाला वरची व खालची मर्यादा म्हणजे टॉलरन्स ठरविण्याची आणि ‘गो’ व ‘नो-गो’ अशा गेजांच्या जोडीने भाग पारखण्याची रीत सर्वत्र पसरली. या व्यवस्थेत तपासनीस हा कारागिराहून वेगळा झाला आणि त्याच्या हाती केवळ तयार वस्तू आली. ती कशी घडली, हे त्याला दिसत नसे.

स्प्रिंगफील्ड रायफलींचे प्रकरण : केवळ वस्तूच्या तपासणीवर विसंबण्याचा धोका पहिल्या महायुद्धाच्या काळात उघड झाला. अमेरिकन सैन्याच्या १९०३ च्या नमुन्याच्या काही रायफली १९१७ मध्ये गोळी झाडताना फुटल्या. ज्या पोलादी भागाला रिसीव्हर म्हणतात, तोच भाग काचेसारखा तडकला होता. या भागांची मापे अचूक होती आणि जादा दाबाच्या काडतुसाची चाचणीही त्या रायफलींनी पार केली होती. चौकशीत दोष उष्णता संस्करणात आढळला. घडाईच्या भट्टीतील पोलादाचे तापमान अनुभवी कामगार रंगावरून ठरवीत. पायरोमीटर लावून पाहता असे दिसले की, लख्ख उन्हाच्या दिवशी डोळ्यांना ‘योग्य’ वाटणारे तापमान ढगाळ दिवशीच्या ‘योग्य’ तापमानापेक्षा सु. ३००° फॅ.पर्यंत (सु. १६७° से.) जास्त असे. अति तापलेले पोलाद ठिसूळ होई. पण नंतरच्या कोणत्याही गेजाला ते कळत नसे. १९१८ मध्ये उष्णता संस्करणाची पद्धत बदलण्यात आली व तापमान उपकरणाने मोजले जाऊ लागले. स्प्रिंगफील्ड येथे आधी बनलेल्या, सु. ८ लाखांपर्यंतच्या अनुक्रमांकांच्या रायफलींवर मात्र संशयाची छाया कायम राहिली. कारण त्यांतील कोणती उन्हाच्या दिवशी घडली व कोणती ढगाळ दिवशी, हे वस्तू पाहून सांगणे शक्य नव्हते.

सांख्यिकीय पद्धतींचा उदय : वॉल्टर शूहार्ट यांनी मे १९२४ मध्ये नियंत्रण तक्त्याचा पहिला आराखडा मांडला व १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याची उपपत्ती सविस्तर दिली. वस्तूंची मापे तयार झाल्याच्या क्रमाने आलेखावर मांडली, तर यदृच्छेने होणारा चढउतार व शोधून काढता येण्याजोग्या कारणाने होणारा चढउतार वेगळे ओळखता येतात, हे त्यांनी दाखविले. मोजमाप वस्तूचेच, पण निवाडा प्रक्रियेचा, असे या पद्धतीचे स्वरूप होते. याच सुमारास बेल टेलिफोन प्रयोगशाळेत हॅरल्ड डॉज व हॅरी रोमिग यांनी नमुना तपासणीची कोष्टके तयार केली. त्यांचा प्रश्न वेगळा होता : तयार झालेला माल स्वीकारावा की नाकारावा? अशा रीतीने एकाच संस्थेत वस्तुनियंत्रण व प्रक्रियानियंत्रण या दोन शाखा शेजारीशेजारी वाढल्या.

जपानमधील विकास : दुसऱ्या महायुद्धानंतर या पद्धतींना जपानमध्ये अनुकूल भूमी लाभली. १९५० मध्ये एडवर्ड्‌स डेमिंग यांनी तेथे व्याख्याने दिली. काओरू इशिकावा यांनी माशाच्या सांगाड्यासारखी दिसणारी कार्यकारण आकृती प्रचारात आणली. तिच्या डोक्याशी परिणाम म्हणजे वस्तुगुणधर्म, तर काट्यांवर कारणे म्हणजे प्रक्रियागुणधर्म लिहिले जातात. १९५३ मध्ये इना या फरशी बनविणाऱ्या कंपनीत झालेले प्रयोग याचे उत्तम उदाहरण होत. भट्टीत सर्वत्र तापमान सारखे नसल्याने फरश्यांचे आकारमान कमीजास्त होई. भट्टी बदलणे खर्चाचे होते. गेनिची तागुची यांच्या पद्धतीने केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, मिश्रणातील चुन्याचे प्रमाण वाढविल्यास तापमानातील फरकाचा परिणाम पुष्कळच घटतो. सदोष फरश्या निवडून फेकण्याऐवजी कारणाकडे वळल्याने हा प्रश्न थोड्या खर्चात सुटला.

नियंत्रण आराखडा : कोणत्या टप्प्यावर काय, कशाने, किती वेळा मोजावयाचे व बिघाड दिसल्यास काय करावयाचे, याच्या लेखी कोष्टकाला नियंत्रण आराखडा किंवा कारखान्याच्या बोलीत ‘कंट्रोल प्लॅन’ म्हणतात. अमेरिकेतील मोटार उत्पादकांनी १९९४ मध्ये आपल्या पुरवठादारांसाठी त्याचा समान नमुना प्रसिद्ध केला. त्यात वस्तुगुणधर्म व प्रक्रियागुणधर्म यांसाठी स्वतंत्र रकाने ठेवले आहेत. हीच आवश्यकता पुढे १९९९ व २०१६ च्या आंतरराष्ट्रीय मोटार गुणवत्ता मानकांतही आली. २०२४ मध्ये नियंत्रण आराखड्याची स्वतंत्र पुस्तिका निघाली.

या दोन रकान्यांतील सीमारेषा नेहमीच स्पष्ट नसते. बोल्ट आवळताना हत्याराने दिलेले पीळबल हा प्रक्रियागुणधर्म, तर जोडात निर्माण होणारा ताण हा वस्तुगुणधर्म होय. परंतु आरेखनावर पीळबलच नमूद असेल, तर तेच वस्तूची अट बनते. तारेचा व्यास हा तार ओढणाऱ्याच्या दृष्टीने वस्तुगुणधर्म असतो. त्याच तारेपासून खिळे बनविणाऱ्याच्या दृष्टीने तो प्रक्रियेत येणारे एक कारण ठरतो. म्हणून राशीच्या नावावरून नव्हे, तर त्या टप्प्यावरील तिच्या कार्यावरून वर्गवारी करावी लागते. ज्या वस्तूची पारख ती मोडल्याशिवाय करता येत नाही, उदा., वितळजोड किंवा स्फोटक द्रव्य, तेथे प्रक्रियागुणधर्मावरच भिस्त ठेवावी लागते.

याचे गंभीर उदाहरण मोटारींतील हवापिशव्यांच्या बाबतीत घडले. टाकाटा या जपानी कंपनीने २०१३ मध्ये अमेरिकन शासनाला दिलेल्या निवेदनात दोन कारणे नमूद केली होती : वॉशिंग्टन राज्यातील कारखान्यात ज्वालक द्रव्याच्या वड्या अपुऱ्या दाबाखाली घडल्या असण्याची शक्यता होती, कारण अशा वड्या आपोआप बाद करणारी यंत्रातील सोय बंद करता येत असे, तसेच मेक्सिकोतील कारखान्यात वड्यांना अनियंत्रित दमट हवा लागली होती. नंतरच्या तपासात उष्ण व दमट हवामानात त्या द्रव्याचा दीर्घकाळाने होणारा ऱ्हास हे व्यापक कारण ठरले. या दोषाने जगभर वीसहून अधिक माणसे दगावली व कोट्यवधी हवापिशव्या परत मागवाव्या लागल्या. संशयित कालखंडातील सर्व माल परत घ्यावा लागला. कारण घडतेवेळचा दाब व दमटपणा नंतर वस्तूवरून वाचता येत नव्हता.

भारत : भारतात या विषयाची पायाभरणी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने केली. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात आले होते. १९५० नंतरच्या दशकात संस्थेने मुंबईसह औद्योगिक केंद्रांत सांख्यिकीय गुणवत्ता नियंत्रणाची पथके स्थापन केली. पिंपरी-चिंचवड, चाकण, नाशिक व छत्रपती संभाजीनगर येथील मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांत नियंत्रण आराखडा हा रोजच्या वापरातील दस्तऐवज झाला आहे. वस्तुगुणधर्माचा रकाना आरेखनावरून सहज भरता येतो. प्रक्रियागुणधर्माचा रकाना भरण्यास मात्र कारण व परिणाम यांचा संबंध प्रयोगाने सिद्ध करावा लागतो. त्यामुळे हा रकाना किती विचारपूर्वक भरला आहे, यावरून त्या कारखान्याला स्वतःच्या प्रक्रियेचे किती ज्ञान आहे, हे अजमावता येते.