साधी, एक्सप्रेस आणि अनलिमिटेड

आमच्या खडवलीत सगळं येतं. पावसाळ्यात भातसेला पूर येतो, रविवारी नदीवर मुंबईचे पिकनिकवाले येतात, सकाळी कसाऱ्याहून लोकल येते आणि तिच्यात आधीपासून बसलेली माणसंही येतात. येत नाही ती फक्त रेंज. अगदीच येत नाही असं नव्हे. आमच्या घरात ती स्वयंपाकघराच्या खिडकीत, मिसळणाच्या डब्याशेजारी येते आणि बोलता बोलता माणूस जरा मागे सरकला की निघून जाते. त्यामुळे बँकेतल्या साहेबांशी मी घरून आजवर जे काही बोललो आहे, ते सर्व कुकरच्या शिट्यांच्या साक्षीनं.

परवा अण्णांच्या, म्हणजे आमच्या तीर्थरूपांच्या, फोनची मुदत संपली. आता कुठल्या कंपनीचं कार्ड घ्यायचं आणि कुठला प्लॅन घ्यायचा, हा प्रश्न उभा राहिला. घरात बी.कॉम. झालेला आणि वीस वर्षं बँकेत खर्डेघाशी केलेला माणूस एकच असल्यामुळे काम आपसूक माझ्याकडे आलं. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रीतसर रकाने आखले : कंपनी, रुपये, दिवस, रोजचा डेटा, वेग.

‘दिवस’ या रकान्यातच पेन अडलं. महिन्याचा म्हणून जो प्लॅन विकतात तो २८ दिवसांचा! ३६५ भागिले २८ करून बघा, म्हणजे वर्षाला १३ रिचार्ज होतात. पंचांगातला अधिक महिना तीनेक वर्षांतून एकदा येतो आणि येताना जावयाला अनारसे तरी घेऊन येतो. फोनवाल्यांचा अधिक महिना दरवर्षी येतो आणि रिकाम्या हातानं येतो. शेवटी २०२२ साली ‘ट्राय’ला हुकूम काढावा लागला की बाबांनो, निदान एक तरी प्लॅन ३० दिवसांचा ठेवा.

पुढचा रकाना रोजच्या डेटाचा. रोज दीड जीबी, आणि रात्री बारा वाजता उरलेला बुडीत! आम्ही बँकेत एखाद्या खातेदाराची शिल्लक रात्री बारा वाजता अशी बुडवली असती, तर सकाळी आमच्यापैकी कुणी काउंटरवर जिवंत दिसलं नसतं. आणि शेवटचा रकाना वेगाचा. दिवसाचा कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर उतरतो. आमची कन्या या अवस्थेला ‘नेट मेलं’ म्हणते आणि सुतकी चेहऱ्यानं बसते.

या ‘मेलं’वरून माझ्यातला इतिहाससंशोधक जागा झाला. तो वर्षातून दोनतीनदा जागा होतो, एरवी लोकलमध्ये उभ्यानं झोपतो.

तर मंडळी, वेग विकत घेण्याचा हा धंदा आजचा नव्हे. १८५५ च्या फेब्रुवारीत आपल्या देशात तारखातं सर्वसामान्यांना खुलं झालं, आणि त्याच साली कल्याणहून वाशिंदपर्यंत, म्हणजे आमच्या खडवलीवरून, आगगाडी धावू लागली. या दोन सुधारणांचा स्वभाव मात्र वेगळा. रेल्वेनं वेगाचे पैसे आमच्याकडून कधी घेतले नाहीत. फास्ट लोकलचं आणि स्लो लोकलचं तिकीट एकच. फर्स्टक्लासवाला कितीतरी पट पैसे मोजतो आणि आमच्याच बरोबर, त्याच मिनिटाला, तेवढाच उशिरा पोचतो. तारखात्याचं तसं नव्हतं. तिथं साधी तार आणि एक्सप्रेस तार असे दोन प्लॅन होते. एक्सप्रेसला दुप्पट दर, आणि ती साध्या तारांच्या रांगेत न थांबता पुढे जाई. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून लग्नाच्या शुभेच्छांच्या ठरावीक मजकुरांना खात्यानं नंबर देऊन ठेवले होते. नंबर पाठवला की पलीकडे अख्खा आशीर्वाद छापून निघे. आज कन्या ज्याला ‘डेटा वाचवणं’ म्हणते ते हेच.

पुढे ट्रंककॉल आला. त्यात ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन वेग. लाइटनिंगचा दर ऐकूनच माणसाच्या डोळ्यांपुढे वीज चमके. १९६० साली लखनौ-कानपूर या मार्गानं देशात एसटीडी सुरू झाली. तिचे पिवळे बूथ आमच्या लहानपणी गल्लोगल्ली निघाले. रात्री उशिरा दर पावपट होई. त्यामुळे अर्ध्या महाराष्ट्राला आपल्या नातलगांची खुशाली झोपायच्या वेळी आठवायची.

मग उजाडलं १९९५. ३१ जुलैला ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन केला. त्या काळी मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर, आणि आलेला फोन उचलला तरी पैसे! इनकमिंग फुकट झालं ते २००३ साली. आपल्या समाजानं मिस्ड कॉलची लिपी शोधून काढली ती या टंचाईच्या काळात. एक रिंग म्हणजे ‘पोचलो’, दोन म्हणजे ‘भात लाव’.

त्याच १९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनं सामान्य माणसाला इंटरनेट दिलं. दर ५,००० रुपये, तास २५०, वेग ९.६ केबीपीएस. मी कॅलेंडरवर हिशेब मांडला. सेकंदाला १,२०० बाइट, तासाला ३,६०० सेकंद, गुणिले २५०. उत्तर आलं साधारण १ जीबी. म्हणजे अडीचशे तास मांडी न मोडता बसलं तर पाच हजारांत एक जीबी, आणि टेलिफोनचं बिल वेगळं. आज तेवढं आमची कन्या चहा गार होईपर्यंत संपवते. आणि ज्या ६४ केबीपीएसला ती ‘मेलं’ म्हणते, तो वेग त्या पाच हजारी वेगाच्या साडेसहा पट!

त्यानंतर भाव असे गडगडले की बँकेत बसून आम्हाला धडकी भरावी. २००२ च्या अखेरीस रिलायन्सनं मिनिटाला ४० पैसे, पोस्टकार्डापेक्षा स्वस्त, अशी हाक दिली. २००९ साली टाटा डोकोमोनं सेकंदाला एक पैसा केला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओनं डेटा काही महिने चक्क फुकट वाटला. फुकटची सवय लागल्यावर पुढे काय होतं ते सांगायला नको. २०२४ च्या जुलैत सगळ्या मोठ्या खाजगी कंपन्यांनी दर वाढवले.

एवढा अभ्यास करून मी निकाल दिला. २०२४ च्या डिसेंबरात ट्रायनं कंपन्यांना नुसते बोलण्याचे आणि मेसेजचे प्लॅन ठेवायला सांगितलं होतं. अण्णांना तोच घ्यावा, डेटाचे पैसे वाचतील.

अण्णांनी कॅलेंडर हातात घेतलं, चष्मा वर केला आणि विचारलं, “यात बाळूचं तोंड दिसेल का?”

बाळू म्हणजे नागपूरचे काका, वय ७६. गेल्या दिवाळीपासून ते अंथरुणाला खिळलेत.

“तोंड नाही दिसायचं, अण्णा. आवाज येईल.”

“आवाजात तो थापा मारतो. बरं आहे म्हणतो.”

मी गप्प. मग अण्णाच म्हणाले, “आई अत्यवस्थ झाली तेव्हा मी कल्याणला जाऊन त्याला तार केली. ‘मदर सीरियस कम सून.’ साधी केली. महिनाअखेर होती, एक्सप्रेसला दुप्पट पडत होते. म्हटलं, काय, एखादा दिवस इकडे तिकडे. तो आला तेव्हा आम्ही नदीवरून परत येत होतो.” थोडं थांबून ते म्हणाले, “त्यानं कधी विचारलं नाही रे, कोणती केली होतीस म्हणून.”

साध्या तारेनं आपलं साधं काम चोख केलं होतं. चूक कुठल्या रकान्यात मांडायची ते मला आजतागायत कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेजारपाजारचे तीन फोन मागून आणले आणि तिन्ही कंपन्यांना घेऊन घरभर, माळ्यावर, न्हाणीघरात हिंडलो. शेजाऱ्यांना वाटलं, वास्तुशांत आहे. ज्याची रेंज सर्वांत बरी त्याचं कार्ड घेतलं, रोज दोन जीबीवाला ८४ दिवसांचा प्लॅन टाकला. रुपयांचा रकाना बघितला नाही. बँकेच्या नोकरीत हे पाप प्रथमच घडलं.

अर्थात रेंज बरी म्हणजे कुठे, तर स्वयंपाकघराच्या खिडकीतच. तेव्हा अण्णांची आरामखुर्ची आता मिसळणाच्या डब्याशेजारी गेली आहे. रात्री नऊला दोन म्हातारे एकमेकांची तोंडं न्याहाळत बसतात. “जेवलास?” “जेवलो. तू?” “जेवलो. जरा उजेडात ये, बघू दे.” मी सवयीनं शब्द मोजायला लागतो आणि मग माझं मलाच ओशाळं वाटतं.

सौ.नं मात्र घरात नवा नियम केला आहे. नऊ ते साडेनऊ कुकर लावायचा नाही. आम्ही रात्री पावणेदहाला जेवतो.