घोळणा फुटणे आणि ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड : एका औषधाचा इतिहास

नाकातून अचानक होणाऱ्या रक्तस्रावास बोलीभाषेत घोळणा फुटणे असे म्हणतात. नाक चिमटीत धरूनही रक्त थांबले नाही तर तातडीच्या उपचारकक्षात नाकात बोळा ठासला जातो. तो वेदनादायक असतो व रुग्णास अनेकदा रुग्णालयात राहावे लागते. त्यामुळे बोळ्याला पर्यायी औषध शोधण्याची निकड होती.

रक्तवाहिन्या आकुंचित करणारे ॲड्रिनॅलिन जोकिची ताकामिने यांनी १९०१ मध्ये शुद्ध स्वरूपात मिळवल्याचे जाहीर केले. दुसरी दिशाही जपानी संशोधकांनीच दाखविली, हा योगायोग लक्षणीय होय. शोसुके व उताको ओकामोटो या दांपत्याने महायुद्धोत्तर टंचाईच्या काळात रक्तावर संशोधन आरंभिले. प्रयोगास रक्त कमी पडल्यास स्वतःचे वापरता येईल, हाही त्यामागील एक विचार होता. १९६२ मध्ये त्यांनी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड प्रसिद्धीस आणले. रक्ताची गुठळी विरघळविणाऱ्या प्रक्रियेस ते अटकाव करते. म्हणजे ते नवी गुठळी तयार करत नाही, झालेली टिकविते. अपघातग्रस्तांवरील 'क्रॅश-२' या चाचणीने (२०१०, ४० देश, २०,२११ रुग्ण) शिरेवाटे दिलेल्या या औषधाने मृत्यू घटतात हे सिद्ध केले आणि त्याची कीर्ती जगभर पसरली.

ते नाकातही वापरले जाऊ लागले. इराणमधील २०१३ च्या अभ्यासात २१६ रुग्ण होते. औषधात भिजविलेल्या कापसाने ७१ टक्के रुग्णांचा रक्तस्राव दहा मिनिटांत थांबला. नेहमीचा बोळा घातलेल्यांत हे प्रमाण ३१.२ टक्के होते. मात्र ही तुलना बोळ्याशी होती, निष्क्रिय द्रावाशी नव्हे. हा भेद उत्साहाच्या भरात दुर्लक्षिला गेला.

ब्रिटनमधील २६ रुग्णालयांत झालेल्या 'नोपॅक' चाचणीने (२०२१) नेमका तोच प्रश्न विचारला. प्राथमिक उपायांनी रक्त न थांबलेल्या ४९६ रुग्णांपैकी काहींच्या नाकात औषधाचा, तर काहींच्या नाकात निव्वळ निर्जंतुक पाण्याचा कापूस ठेवला गेला. पुढे बोळा घालावा लागला तो अनुक्रमे ४३.७ व ४१.३ टक्के रुग्णांना. औषधाचा अतिरिक्त लाभ दिसला नाही. तरीही पाण्याच्या गटातील निम्म्याहून अधिक रुग्ण बोळ्यावाचून सुटले, ही बाब औषधाच्या अपयशाइतकीच बोलकी आहे.