डोंगरावरची झाडं पाणी देतात की पितात?

मागच्या वेळी आपण जहाजांसाठी सह्याद्रीतला साग कसा गेला ते पाहिलं. आज त्याच जंगलाची दुसरी बाजू पाहू: पाणी.

अलेक्झांडर गिब्सन हे पेशाने डॉक्टर. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचे ते प्रमुख होते आणि १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. डोंगर उघडा पडला की झरे आटतात, हवा कोरडी होते, अशी त्यांची आणि कंपनीच्या कितीतरी डॉक्टरांची खात्री होती. ह्यू क्लेगहॉर्न यांनी १८५१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनपुढे अहवाल मांडला, त्यातही हाच विषय होता. आता बघा, खात्री होती, पण ओढ्याचं मोजमाप नव्हतं. अन् तेवढ्यावर कानडा मुलखात कुमरी करणाऱ्यांवर बंधनं आली. कुमरी म्हणजे उतारावरची झाडं तोडून, जाळून केलेली फिरती शेती. लाकूड आणि महसूल हीही कारणं होतीच. पण पाणी आटवल्याचा दोष कोयत्यावर जितका आला तितका गोदीवर आला नाही, असं आम्हाला वाटतं.

मोजायचं कसं? शेजारशेजारचे दोन ओढे घ्यायचे. काही वर्षं दोन्हींचं पाणी नुसतं मोजायचं, मग एकाच्या पाणलोटातली झाडं तोडायची अन् पुन्हा मोजत बसायचं. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात वॅगन व्हील गॅप इथं १९१० च्या सुमारास हे सुरू झालं. १९१९ मध्ये एक पाणलोट तोडला. ओढा आटला नाही, उलट वर्षाचं पाणी सुमारे एक इंचाने वाढलं! झाड मुळांनी पाणी ओढून पानांतून हवेत सोडतं, शिवाय पानांवर अडकलेला पाऊस तिथूनच उडून जातो. झाड गेलं की तो खर्च वाचतो.

म्हणजे गिब्सन अगदीच चुकले का? तसं नाही. घाटावरचा पाऊस मुख्यतः समुद्रावरचा वारा डोंगराला अडून वर चढतो म्हणून पडतो, झाडांमुळे नाही. पण जंगलातली माती भुसभुशीत असते, ती पाणी आत घेते. तीच उघडी पडली, गुरांच्या खुरांनी दबली, की पाणी वरूनच धावतं, गाळ घेऊन जातं, अन् उन्हाळ्यात झऱ्याला काही उरत नाही. तेव्हा झाड किती पितं आणि माती किती मुरवते, हा हिशेब जागोजाग वेगळा निघतो.

आपल्याकडे तो निलगिरी डोंगरात, उटीजवळ ग्लेनमॉर्गनला झाला. इथलं मूळचं रूप म्हणजे माळावर गवत आणि घळीत शोलाची झाडी. सरपणासाठी ऑस्ट्रेलियाचा ब्लू गम, ज्याला आपण निलगिरीच म्हणतो, तिथं आधीच भरपूर लावला जात होता. १९६८ पासून दोन पाणलोट मोजले आणि १९७२ मध्ये एकाच्या सुमारे ५९ टक्के भागात ब्लू गम लावला. पुढच्या दहा वर्षांत त्या ओढ्याचं पाणी सरासरी १६ टक्क्यांनी घटलं. मग झाडं तोडली. ब्लू गम बुंध्यातून पुन्हा फुटतो, मुळं तर आधीच खोल गेलेली. त्या दुसऱ्या फेरीत घट सुमारे २५ टक्के झाली. आणि याच डोंगरातल्या पाण्यावर खालची वीजकेंद्रं चालतात.