नोंदलेखन, अंतःस्थापित संगणकातील

एखाद्या यंत्राच्या पोटात बसविलेला आणि त्याच यंत्राचा कारभार पाहणारा छोटा संगणक आपल्या कामकाजाची जी कालक्रमानुसार टिपणे ठेवतो, त्या क्रियेस नोंदलेखन व टिपणांच्या संचास नोंदवही किंवा लॉग म्हणतात. घरातील राउटर, वीजमापक, मोटारगाडीतील पडदा, अंतराळयान अशा नाना ठिकाणी असे संगणक असतात. ‘लॉग’ हा शब्द मूळचा जहाजावरचा. जहाजाचा वेग काढण्यासाठी दोरी बांधलेला लाकडी ओंडका पाण्यात सोडीत, त्यावरून काढलेला वेग ज्या वहीत उतरवीत तिला लॉगबुक हे नाव पडले. मराठी व्यवहारात तिला जवळची गोष्ट म्हणजे रोजकीर्द. कीर्दीत व्यवहार घडेल त्या क्रमाने चढतो, खातेवार खतावणी मागाहून होते. संगणकाची नोंदवही निव्वळ कीर्द असून खतावणीचे काम वाचणाऱ्यावर येते.

मोठ्या संगणकाजवळ चकतीवर भरपूर जागा असते. छोट्या संगणकापुढे मात्र दोनच पर्याय असतात व दोन्ही सदोष आहेत. चालू स्मृतीत (रॅम) कितीही वेळा लिहिता येते, परंतु वीज जाताच सर्व नष्ट होते. फ्लॅश स्मृतीत लिहिलेले टिकते, परंतु प्रत्येक लेखनाने ती थोडीथोडी झिजते. नोंद सर्वांत अधिक हवी असते ती यंत्र बंद पडण्यापूर्वीच्या क्षणांची, आणि नेमकी तीच हातातून निसटण्याचा संभव सर्वांत जास्त असतो. या विषयाचा इतिहास बव्हंशी याच पेचातून घडला आहे.

आज रूढ असलेली पद्धती बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जन्मली. तेथील एरिक ऑलमन यांनी १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत ‘सेंडमेल’ या टपालवाहक आज्ञावलीसाठी ‘सिसलॉग’ ही सोय केली व १९८३ मध्ये ती बर्कलीच्या युनिक्स प्रणालीसोबत सर्वत्र गेली. तत्पूर्वी प्रत्येक आज्ञावली आपापली टिपणे आपल्या मनास येईल तेथे लिहीत असे. सिसलॉगने लिहिणारा आणि ठेवणारा यांची फारकत केली. आज्ञावलीने फक्त संदेश द्यावा, तो कोठे ठेवायचा की टाकून द्यायचा हे व्यवस्थापकाने एका छोट्या संरचना-फायलीत ठरवावे, अशी ही विभागणी होती. प्रत्येक संदेशास विभाग व गांभीर्य असे दोन अंक दिले जातात. गांभीर्याच्या आठ पातळ्या असून ० म्हणजे प्रणाली निकामी होणे व ७ म्हणजे केवळ दोषशोधनासाठीची बडबड. विभागाच्या अंकास आठाने गुणून त्यात गांभीर्य मिळविले की संदेशाचा अग्रक्रम निघतो. उदा., टपालविभाग २ व चूक ३ असल्यास १९.

या पद्धतीचे प्रमाणीकरण फार उशिरा झाले. २००१ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ३१६४ या लेखाने प्रचलित वहिवाटीचे केवळ वर्णन केले. रीतसर प्रमाण मार्च २००९ मधील आरएफसी ५४२४ ने दिले. जुन्या संदेशातील कालमुद्रेत महिना, दिवस व वेळ असे, पण सनच नसे. कीर्द लिहिताना साल न घालणारा कारकून फार दिवस टिकला नसता, संगणकात मात्र ही रीत वीस-पंचवीस वर्षे चालली.

नोंदींचे मोल किती, याचे उत्कृष्ट उदाहरण मंगळावर घडले. ‘मार्स पाथफाइंडर’ हे यान ४ जुलै १९९७ रोजी तेथे उतरले. काही दिवसांनी, हवामानाची मोजमापे सुरू झाल्यावर, त्याचा संगणक वारंवार आपोआप पुनरारंभ करू लागला व प्रत्येक वेळी त्या दिवसाचे उरलेले काम बुडू लागले. यानावरील आज्ञावलीत कार्यांची अदलाबदल, कुलुपे व व्यत्यय यांचा क्षणाक्षणाचा माग टिपण्याची सोय होती. पृथ्वीकडे पाठविता येईल त्याहून अधिक मजकूर ती निर्माण करीत असल्यामुळे उड्डाणात ती वापरली जात नसे, परंतु जे तपासले तेच उडवायचे या धोरणाने ती काढूनही टाकलेली नव्हती. कॅलिफोर्नियातील जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत यानाच्या जुळ्या प्रतिकृतीवर हीच सोय चालू करून दोष पुन्हा घडविण्यात आला. कमी अग्रक्रमाचे हवामानकार्य एक सामायिक कुलूप धरून बसे, मधल्या अग्रक्रमाची कार्ये त्याला पुढे सरकू देत नसत आणि उच्च अग्रक्रमाचे कार्य ताटकळत राही. ते वेळेत पूर्ण झाले नाही हे पाहून देखरेख करणारी व्यवस्था संगणक पुन्हा सुरू करी. कुलूप धरणाऱ्या कार्याला वाट पाहणाऱ्याचा अग्रक्रम तात्पुरता बहाल करणारा एक पर्याय तेथे बंद ठेवलेला होता. तो पृथ्वीवरून चालू करताच दोष नाहीसा झाला. मागाच्या नोंदीशिवाय हे निदान जवळजवळ अशक्य होते.

साठवण वाढू देण्याचा धोकाही मंगळावरच दिसला. २१ जानेवारी २००४ रोजी ‘स्पिरिट’ या फिरत्या यानाशी संपर्क तुटला. फ्लॅश स्मृतीत इतक्या फायली साचल्या होत्या की त्यांची केवळ यादी सांभाळण्यास चालू स्मृती अपुरी पडली आणि संगणक साठांहून अधिक वेळा पुन्हा पुन्हा सुरू झाला. अखेर फ्लॅशकडे न पाहता सुरू होण्याची आज्ञा देऊन तो ताब्यात आणला गेला.

भूतलावरील स्वस्त उपकरणांसाठी तोडगा निघाला तो ‘बिझीबॉक्स’मधून. ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ मध्ये डेबियन लिनक्सची स्थापना एका फ्लॉपीवरून करता यावी म्हणून अनेक लहान आज्ञावल्या एकत्र बांधल्या. पुढे या संचात आलेला सिसलॉग चालू स्मृतीत चक्राकार नोंदवही ठेवू शकतो. तिचा नेहमीचा आकार अवघा १६ किलोबाइट. रहाटगाडग्याप्रमाणे जुनी ओळ रिकामी होते व तिच्या जागी नवी येते. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘ओपन डब्ल्यूआरटी’ प्रकल्पाने हीच रीत राउटरांत रुजविली. त्या काळच्या अशा राउटरांत ४ मेगाबाइट फ्लॅश व १६ मेगाबाइट चालू स्मृती असे, तेव्हा दुसरा मार्गही नव्हता.

वीज गेल्यावरही नोंद हवी असल्यास ती जाळ्यातून दुसऱ्या संगणकाकडे पाठविता येते. पारंपरिक रीतीत संदेश ५१४ क्रमांकाच्या द्वाराकडे साध्या टपालासारखा, पोच न मागता, रवाना होतो. जाळ्यात गर्दी असली तर तो हरवतो व कोणास कळतही नाही. तरीही छोट्या संगणकासाठी हा उपाय सर्वांत समंजस मानावा लागतो. लिनक्सवरील संरचना-फायलीत तर हा सारा पेच एका चिन्हात सामावलेला आढळतो. फायलीच्या नावाआधी उणे चिन्ह लिहिल्यास प्रत्येक नोंद तत्काळ स्मृतीवर उतरविली जात नाही. झीज व वेळ दोन्ही वाचतात, पण यंत्र त्याच क्षणी कोसळले तर अखेरच्या ओळी गेल्या.

ही काटकसर न केल्यास काय होते, ते २०२१ च्या आरंभी उघड झाले. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेच्या आग्रहावरून टेस्ला कंपनीने एस व एक्स या प्रकारांच्या सुमारे १,३५,००० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या. मधल्या पडद्यामागील संगणकाची ८ गिगाबाइटची फ्लॅश स्मृती सततच्या लेखनाने झिजत होती. प्रत्येक खंड सुमारे ३,००० वेळा पुसून लिहिता येईल, अशी तिची क्षमता होती. साध्या गुणाकाराने हे २४,००० गिगाबाइट होतात व ते विपुल वाटतात. पण शंभर अक्षरांची एक ओळ तत्काळ उतरवायची तर फ्लॅशचे संपूर्ण पान खर्ची पडते आणि फायलीचा हिशेब वेगळा. स्मृती संपली की पाठीमागचे दृश्य दाखविणारा कॅमेरा व काच स्वच्छ ठेवण्याची नियंत्रणे बंद पडत. तत्पूर्वी कंपनीने दुरून पाठविलेल्या सुधारणांत माहितीपर नोंदी दडपणे हा एक उपाय होता.

छोट्या संगणकात बहुधा घटीयुक्त घड्याळ नसते. फेब्रुवारी २०१२ मध्ये विक्रीस आलेल्या रास्पबेरी पाय या संगणकातही ते नव्हते. जाळ्यातून वेळ मिळेपर्यंत अशा यंत्राच्या आरंभीच्या नोंदींवर चुकीची, पुष्कळदा १ जानेवारी १९७० ही, तारीख पडते. भारतात सर्ट-इन या शासकीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निदेशांनुसार सेवादाते, कंपन्या व शासकीय संस्था यांनी आपल्या प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवावयाच्या असतात. घड्याळेही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवावी लागतात.